उजवा कौल

बटण दाबण्याआधी चंद्रावतीने उजव्या हाताची बोटं पदराला पुसली. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत गावदेवीचं नाव घेतलं आणि मालतीने दाखवलेल्या जागी अंगठा नुसता टेकवला, चुलीतला निखारा चाचपावा तसा.

"दाबा की. मोडत नाही ते," मालती म्हणाली.

"मोडायला नाय भीत मी. उलटं काय पडलं तर?"

"पडलं तर पडलं. मागणारे आपण, देणारी ती."

चंद्रावतीने बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र थोडा वेळ फिरत राहिलं आणि मग हिरव्या चौकटीत अक्षरं उमटली. क्लिपसह उपचार.

"उजवा का डावा गो?"

"उजवा."

चंद्रावतीने पडद्याला हात जोडले. तिचा मुलगा प्रविण मागे भिंतीला टेकून उभा होता. जेट्टीवरच्या कंपनीतली रात्रीची शिफ्ट करून तो तसाच आला होता, डोळे लाल होते.

"आये, कॉम्प्युटरच्या पाया पडतंस? उद्या एटीएमपुढं नारल फोडशील."

"तू गप. तुझं नाव पन कौल लावूनच ठेवलंय. डावा पडता तर धोंडू झाला असतास."

मालतीला हसू आलं. बाहेर बाकावर बसलेल्या दोन बायकाही हसल्या. एण्डोस्कोपीच्या खोलीबाहेर सहसा कुणी हसत नसे.

महामार्गालगतच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मालती दुर्बिणीच्या विभागाची सिस्टर होती. रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. डॉक्टर विराज मुंबईतली मोठी नोकरी सोडून इथे आले, तेव्हापासून या विभागाला बरे दिवस आले होते. पोटाला छेद न देता, आतड्यातली किंवा जठरातली गाठ दुर्बिणीतूनच सोलून काढण्यात त्यांचा हातखंडा होता. आता एका कंपनीने केलेली नवी क्लिप त्यांच्याकडे तपासणीसाठी आली होती. नखाएवढा चिमटा, त्याला ताणलं जाणारं बारीक कडं. चिमट्याने गाठीची कड धरायची, कडं समोरच्या भिंतीला अडकवायचं, की गाठ आपोआप वर उचलून धरली जाते आणि तिच्याखाली सुरी कुठे चालवायची ते स्वच्छ दिसतं. जुना टाका उसवताना आपण कापड वर उचलून धरतो ना, तसंच, असं मालती पेशंटांना सांगायची.

क्लिपचा उपयोग खरंच किती होतो, हे ठरवायचं तर काही पेशंटना ती लावायची आणि काहींना नाही. कुणाला लावायची, ते डॉक्टरांनी ठरवायचं नाही, पेशंटनेही नाही. ते कॉम्प्युटर ठरवणार. अडत होतं ते इथेच. "म्हणजे आमच्यावर सोडत काढणार काय," असं म्हणून माणसं उठून जात. खारेपाटातली एक म्हातारी अशीच उठायला लागली, तेव्हा मालतीच्या तोंडून सहज निघून गेलं होतं, "सोडत कसली आजी, कौल आहे हा. देवळात कळ्या लावता ना? उजवी पडली तर उजवी, डावी तर डावी. माणसाचा हात नाही यात."

म्हातारी पुन्हा बसली. तेव्हापासून मालती सगळ्यांना तसंच सांगू लागली आणि बटण पेशंटच्याच हाताने दाबून घेऊ लागली. हे खोटं आहे असं तिला कधी वाटलं नाही. जिथे माणसाचा हात पोचत नाही, तिथे दुसऱ्या कुणाचा असणार? डॉक्टर विराज तर खूश होते. "मालतीताई, जे मला अर्धा तास बोलून जमत नाही, ते तुम्ही एका शब्दात करता," असं ते चारचौघांत म्हणाले होते.

चंद्रावतीची गाठ मोठ्या आतड्याच्या भिंतीला पसरून बसली होती. अजून बिघडलेली नव्हती, पण ठेवली असती तर बिघडणार होती. आधी दुसरीकडे कुणीतरी ती काढायचा प्रयत्न करून अर्धवट सोडली होती. आता दुर्बिणीतून निघाली तर ठीक, नाहीतर पोट उघडायचं, आतड्याचा तुकडा काढायचा आणि काही महिने, कदाचित कायमची, पोटाला शौचाची पिशवी. हे ऐकल्यावर चंद्रावतीने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

"पिशवी नको मना. आमच्या इंदुबाईला बांधली व्हती. सुना तिला पडवीत जेवन वाढत. लांबून ताट सरकवीत, कुत्र्याला सरकवतात तसं. त्यापेक्षा गाठ ऱ्हाऊदे."

"नाही लागणार पिशवी," मालती म्हणाली.

"आन् दिवाली झाली की आगरात उतरायचंय मना. मीठ वडायला माझ्यावानी बाई नाय त्या आगरात, कुनालापन इचार."

आता उजवा कौल मिळाल्यावर ती प्रविणच्या आधाराशिवाय जिना उतरून गेली.

दुपारी मालतीने खिडकीशी डबा उघडला. चातुर्मासात ती मौनाने जेवायची. नवऱ्याच्या आजारपणात धरलेला नेम होता तो. नवरा गेला, नेम राहिला. पहिल्या वर्षी इथली स्टाफमधली मुलं मुद्दाम काहीतरी विचारून तिला बोलतं करायला बघायची. ते डॉक्टर विराज यांनीच बंद केलं. खिडकीजवळचं टेबल त्यांनीच तिला मोकळं करून दिलं आणि सगळ्यांना ताकीद दिली की ताई जेवत असताना त्यांना हाक मारायची नाही. या एका गोष्टीसाठी मालती त्यांना फार मानायची.

त्या दिवशी तेच आत आले.

"जेवा, जेवा. मी बोलतो, तुम्ही नुसतं ऐका."

ते कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर बसले. सकाळपासून मालतीच्याच नावाने तो उघडा होता.

"चंद्रावतीबाईंचे फोटो पुन्हा पाहिले मी. गाठ खालून घट्ट चिकटलेली आहे. आधीच्या माणसाने भाजून ठेवलीय नुसती. क्लिपने उचलेल का, याचीही खात्री नाही." ते थांबले, चष्मा काढून डोळे चोळले. "पुढच्या महिन्यात निकाल दाखवायचे आहेत, ताई. क्लिपचा गट इतका छान चाललाय. त्यात ही एक केस गेली की सगळं खाली येईल. कंपनी म्हणेल, उपयोग नाही, गुंडाळा. मग क्लिप इथे येणार नाही आणि इथल्यासारख्या दुसऱ्या हॉस्पिटलांतही जाणार नाही. एका बाईचा प्रश्न नाही हा."

मालतीने वरणभाताचा घास उचलला होता, तो तोंडात घातला.

"आणि मी काढणारच आहे ना गाठ. क्लिप नव्हती तेव्हा काय काढत नव्हतो?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "सकाळची नोंद सरावाची होती असं समजू. ती खोडतो आणि पुन्हा एकदा बटण दाबतो. तुमच्याकडे नाही का, कौल मनासारखा आला नाही की पुन्हा लावतात?"

लावत नाहीत. एका कामाचा कौल एकदाच. मालतीच्या माहेरी गुरव कळ्या उचलून तबकात टाकायचा आणि म्हणायचा, झालं, आता पुन्हा विचारलंत तर तिचा अपमान. हे सगळं मालतीच्या जिभेवर आलं. जिभेवर घास होता.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. त्यांनी वाट पाहिली, हे खरं होतं. घाई केली नाही.

"चालेल ना, ताई?"

मालतीने नजर ताटलीकडे वळवली. वरण भाताच्या कडेने पसरत चाललं होतं, ते बोटाने आत ओढून घेतलं. मग दुसरा घास जरा लहान केला. हा घास, मग ताकभात, मग हात धुवायचा, मग बोलायचं. ती भराभर जेवू लागली.

मागे बटणाचा आवाज झाला. मग डॉक्टर हलकेच हसले.

"पुन्हा क्लिपच. तुमची देवी हट्टी आहे."

पुन्हा बटण वाजलं.

"हं. झालं."

ते उठले, जाताना तिच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या तिच्या हाताजवळ सरकवून गेले. मालतीने ताकभात संपवला. डबा विसळला, चूळ भरली. परत येऊन पाहिलं तर हिरव्या चौकटीत वेगळी अक्षरं होती. नेहमीचा उपचार. तितक्यात बाहेरून तिला पुढच्या पेशंटसाठी हाक आली. तिने पदर सारखा केला आणि गेली. संध्याकाळी बोलू असं ठरवलं, पण संध्याकाळी डॉक्टर लवकर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर गडबडीत होते. निदान मालतीने तरी स्वतःला तसं सांगितलं.

गुरुवारी चंद्रावतीला टेबलावर घेतलं. बुधवारभर पेजेच्या पाण्यावर आणि जुलाबाच्या औषधावर काढून तिचा चेहरा उतरला होता, पण डोळे हसरे होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या हाताची शीर शोधायला घेतली. तिने दुसऱ्या हाताने मालतीचं मनगट धरलं.

"तो चिमटा नीट लाव म्हणून सांग गो डॉक्टरला. तू सांगितलंस तर ऐकंल तो."

"सांगते," मालती म्हणाली.

तेव्हा ती जेवत नव्हती. शब्द सहज निघाला.

सुरुवात चांगली झाली. निळं औषध टोचल्यावर गाठ फुगून वर आली, कडेने सुरी फिरली. मग सुरी मधल्या भागात शिरली आणि काम अडलं. कापलेली कड सुटून पुन्हा पुन्हा खाली पडत होती, ओल्या फडक्यासारखी. तिच्याखालचं काही दिसेना. डॉक्टर दुर्बीण मागे घेत, वळवत, पुन्हा आत नेत. त्यांच्या मानेवर घाम जमला. मालती तो टिपत होती.

ट्रॉलीवर क्लिपचं बंद पाकीट होतं. गुरुवारच्या केसेससाठी दोन काढून ठेवावी लागत.

"सर, क्लिप फोडू?"

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "ती त्या गटात नाहीये, ताई."

बाकीच्यांनी ते ऐकलं, आणि त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. मालतीने पाकीट हातात घेतलं होतं, ते पुन्हा होतं तिथे ठेवलं. पुन्हा एकदा विचारता आलं असतं. मोठ्याने विचारता आलं असतं. ती घाम टिपत राहिली.

थोड्या वेळाने पडद्यावरच्या निळ्या-लाल रंगात एक काळी फट उघडली. फटीपलीकडे पिवळं काहीतरी चमकलं, जे आतड्याच्या आतून कधी दिसू नये. डॉक्टर विराज फक्त म्हणाले, "छिद्र बंद करायच्या साध्या क्लिप द्या," आणि मालती एकामागून एक देत गेली. फट बंद होईना. चंद्रावतीचं पोट चादरीखाली फुगत चाललं होतं.

ॲम्ब्युलन्स पनवेलला निघाली तेव्हा प्रविण मागच्या दारात पाय ठेवून थांबला.

"सिस्टर, कौल उजवा व्हता ना?"

"हो," मालती म्हणाली. "उजवाच होता."

तो आत चढला. दार लागलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. आतड्याचा तुकडा काढला आणि पिशवी बांधली. पुढे जोडता येईल का, ते सहा महिन्यांनी बघू म्हणाले.

श्रावण संपला, गणपती येऊन गेले. त्या दिवसांत पेणच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, मालती स्टेशनपासून हॉस्पिटलापर्यंत गर्दीतून वाट काढत यायची आणि जायची. निकाल दाखवून डॉक्टर विराज परत आले, ते फार दमलेले आणि फार आनंदात. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. नेहमीच्या गटात एक छिद्र, क्लिपच्या गटात एकही नाही. क्लिप आता आणखी हॉस्पिटलांत जाणार होती. त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. मालतीला दिला तेव्हा ती म्हणाली, "थोडं बोलायचं होतं."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"चंद्रावतीबाईंना सांगायला हवं, सर."

त्यांना लगेच कळलं. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला, पुन्हा उघडला.

"काय सांगणार? क्लिप असती तर छिद्र पडलंच नसतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्हीही नाही."

"तसं नाही म्हणत मी. कौल फिरवला, एवढंच सांगायचं."

"कौल," ते म्हणाले. मग आवाज न चढवता, खरोखर दुखावल्यासारखे म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, ताई. तुमच्याशिवाय मी हात लावला नाही. बोलायचं नव्हतं तुम्हाला, मान्य. पण तुम्ही नुसती मान हलवली असतीत, नाही म्हणून, तरी मी थांबलो असतो."

ते थांबले असते की नसते, हे मालतीला कधीच कळणार नव्हतं. पण मान मोकळी होती, हे खरं होतं. जेवताना भाजी नको असली तर ती मानच हलवायची. पाणी हवं असलं तर बोटाने दाखवायची. मौनात एवढं चालतं, हे ती दुसऱ्यांना समजावून सांगत आली होती.

पेढा तिने देवापुढे ठेवायला म्हणून रुमालात बांधून घेतला आणि स्टेशनवर कुत्र्याला घातला.

कार्तिकात नेमाचं उद्यापन आलं. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. रोह्याच्या बाजारातून मालतीने पितळेची घंटा आणली, चिंचेने घासली, गुरुजींच्या हातावर ठेवली. ठेवताना ती वाजली. गुरुजींनी हसून आशीर्वाद दिला, नेम छान पार पडला म्हणाले. मालतीने दक्षिणा ठेवली, नमस्कार केला आणि सवयीने उठायच्या ऐवजी तशीच वाकलेली राहिली. शेजारच्या बाईने दंडाला धरून उठवलं. पाय आखडले का, असं विचारलं.

त्या रविवारी ती पेणला उतरली आणि धरमतरच्या बाजूला जाणाऱ्या रिक्षात बसली.

चंद्रावतीचं घर खाडीच्या बांधाला लागून होतं. प्रविण अंगणात मोटारसायकल धूत होता. त्याने मालतीला पाहिलं, ओळख दाखवली नाही, पण पाइपचं पाणी तिच्या वाटेतून बाजूला वळवलं. चंद्रावती ओट्यावर पाय पसरून बसली होती. गाऊनवरून पदरासारखी ओढणी घेतलेली, एक हात पोटावर. समोर मिठागराचे वाफे होते. हंगामाची तयारी चालली होती, माणसं ओळीने उभी राहून चिखल पायांनी तुडवत होती.

"ये गो बाय. लांब बस जरा. वास येतो."

मालती तिच्या जवळ बसली.

"माझ्या जागंवर नाग्याची सून घेतलीय," चंद्रावती आगराकडे बघत म्हणाली. "पाय बघ कशी टाकते, लग्नात नाचल्यावानी. नाच काढंल ती, मीठ नाय काढायची."

भूमिका, प्रविणची बायको, चहा घेऊन आली. सासूजवळचा कप जरा दुरूनच ठेवला, की मालतीलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

"जेवून जा, ताई," भूमिका म्हणाली. "पन डालभातच हाय. घरात म्हावरं शिजत नाय आता. आयेंनी सोडलंय, मंग आमाला पन खायाला कसं व्हनार त्यांच्यासमोर."

"म्हावरं सोडलंत?" मालतीने विचारलं. खाडीवरच्या बाईने मासे सोडले, हे ऐकायलाच चमत्कारिक होतं.

भूमिका आत गेल्यावर चंद्रावती म्हणाली, "मरंपर्यंत सोडलंय. तुला सांगते, कुनाला बोलू नको. हितं बसून बसून मी इचार करत व्हते. उजवा कौल देऊन देवी पाठ फिरवत नाय. कंधीच नाय. मंग चुकलं कोनाचं? माझंच ना?" तिने आवाज आणखी खाली आणला. "त्या दिवशी तुझ्याकडनं कौल घेऊन घरी आलो. जीव आनंदला व्हता. भूमिकानं सुकं बोंबील केलेलं. म्हनली, उद्यापासून पेजच हाय, आज खाऊन घ्या. मी खाल्लं. श्रावन चालू. त्यात मंगलवार, देवीचा वार. तिनं उजवा दिला आन् मी त्याच रातीला तोंड बाटवलं. मंग ती तरी काय करंल? मी तिला दोष देत नाय. डॉक्टरला पन नाय. पोरगा सारखा म्हनतो डॉक्टरवर केस टाकू. मी त्याला म्हनते, गप ऱ्हा, तुझ्या आयशीचं पाप हाय ते."

मालतीने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, तिने पुन्हा ठेवला.

"तुमचं काही चुकलं नाही."

"तू चांगली हायस म्हनून बोलतंस."

"नाही. ऐका माझं. क्लिप लावलीच नव्हती तुम्हाला."

चंद्रावतीने आगरावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

मालतीने सांगितलं. न थांबता सांगितलं, आणि शब्द सोपे ठेवले. गाठ अवघड होती. क्लिपवाल्यांत अवघड गाठ नको होती. म्हणून दुपारी डॉक्टरांनी पहिला कौल खोडला आणि स्वतः बटण दाबलं. तेव्हाही उजवाच आला. मग पुन्हा दाबलं.

"दोनदा उजवा?" चंद्रावती म्हणाली.

"दोनदा."

चंद्रावतीचा पोटावरचा हात वर गेला आणि गळ्याशी थांबला. तिचा चेहरा सैल पडला. मालतीने रागाची तयारी ठेवली होती, शापाचीही. पण त्या चेहऱ्यावर आधी आला तो राग नव्हता. डोक्यावरचा भारा कुणीतरी मागून उचलून घ्यावा, तशी ती नुसती बसली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही.

"दोनदा दिला गो तिनं," ती पुटपुटली. "मना दोनदा दिला."

अंगणात प्रविणने पाइप बंद केला आणि मोटारसायकल फडक्याने पुसू लागला. इथलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"कुठे सांगायचं असेल तर मी येईन," मालती म्हणाली. "पोलिसांत, कोर्टात, कुठेही. जे पाहिलं ते सांगेन."

चंद्रावतीने विचारलं, "त्यानं बटन दाबलं तेव्हा तू कुठं व्हतीस?"

"तिथेच."

"मंग?"

"जेवत होते." मालतीचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. मौन असतं."

चंद्रावतीने मान डोलावली. नेम म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. तिने त्यावर खरोखरच विचार केला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"नेम मोडू नये. ते बरोबर हाय," ती म्हणाली. मग तिने मालतीकडे पाहिलं. आवाजात टोचणी नव्हती. माहीत नसलेली गोष्ट विचारावी तसं तिने विचारलं, "जेवन किती येल चालतं गो तुझं?"

मालतीने कप उचलून उरलेला चहा संपवला.

आगरातून कुणीतरी हाळी दिली. ओळ थांबली आणि पुन्हा उलट्या दिशेने तुडवू लागली. चंद्रावती ते पाहत राहिली. मग हाताने पिशवी सावरत ओट्याच्या कडेपर्यंत सरकली.

"परविन, बाजारात जातंस ना?"

"व्हय."

"बोंबील आन. ओलं, ताजं बघून. सगल्यांना पुरंल एवढं आन."

प्रविण फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. "आये, तू तं सोडलंयस ना?"

"सोडलं व्हतं."

त्याने एकदा आईकडे आणि एकदा मालतीकडे पाहिलं, मग मोटारसायकलला किक मारली. चंद्रावतीने आत वळून भूमिकेला आलं-लसूण वाटायला सांगितलं, खोबरं जास्त घाल म्हणाली. पुन्हा आगराकडे तोंड करून बसली. मालतीला ती जा म्हणाली नाही, आणि बस असंही म्हणाली नाही.